वाशीत इमारती पाडून जागा पडून आहे. पुनर्विकास होईपर्यंत त्या भूखंडाचं काय करावं?

प्रश्नात दिलंय ते असं: अतिधोकादायक ठरलेल्या तीन इमारती पाडून चार वर्षं झाली, माणसं घणसोली-उलव्याकडे भाड्याने पांगली, सेक्टर निम्मा ओस पडला, कोपऱ्यावरचा किराणावालाही गेला. पुनर्विकासाचं अजून ठरत नाही. तोवर रिकाम्या जागेचं काय करावं, आणि उद्या इमारत उभी राहील तेव्हा पर्यावरणाच्या दृष्टीने काय मागून घ्यावं? शेवटी जाता जाता विचारलंय की एक लँडस्केपवाला लाल माती टाकून लॉन करून देतोय, त्याला काम द्यावं का.

देऊ नये. त्या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसलो, तेव्हा आधी त्याचंच.

वाशीतच, खाडीच्या बाजूला, १,२०० चौरस मीटरचा अगदी असाच भूखंड होता. कमिटीत दोन मतं पडली म्हणून जागेचे दोन भाग झाले. पूर्वेचा अर्धा भाग कंत्राटदाराने लाल माती आणि लॉन घालून केला. पश्चिमेच्या अर्ध्या भागात आम्ही आहे त्या राडारोड्यातूनच माती तयार केली. दोन्ही भाग दोन पावसाळे एकमेकांना लागून होते, त्यामुळे कुठल्या पद्धतीने काय होतं ते तिथे स्वच्छ दिसलं.

पूर्वेकडे त्यांनी डेब्रिज जेसीबीने सारखं केलं, वरून रोलर फिरवला आणि त्यावर १५ सेंटिमीटर लाल माती पसरली. ६०० चौरस मीटरला ही माती होते ९० घनमीटर, म्हणजे सुमारे ३२ ब्रास. एका डंपरमध्ये चार ब्रास धरले तर आठ फेऱ्या. वर तयार लॉनच्या पट्ट्या. मे महिन्यात सगळं हिरवंगार दिसत होतं. जूनअखेर पाऊस लागला तेव्हा पाणी लाल मातीतून खाली उतरलं आणि रोलरने दाबलेल्या थरावर अडलं. खालच्या थराला भेगाच ठेवल्या नव्हत्या, तर पाणी जाणार कुठे? मुळं आठवडाभर पाण्यात बसली, लॉन पिवळं पडलं, कडेची माती सुटून पावसाळी गटारात गेली आणि जाळ्या तुंबल्या. राहिलेल्या मातीवर हिवाळ्यात कडक पापुद्रा धरला. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज चार-पाच लिटर पाणी लागतं, म्हणजे ६०० चौरस मीटरला रोज अडीच-तीन हजार लिटर, म्हणजे दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दहा हजार लिटरचा टँकर. सोसायटीला ते झेपलं नाही. मार्चअखेर टँकर थांबले, एप्रिलमध्ये लॉन मेलं.

शिवाय त्याच भागात जुनी भूमिगत पाण्याची टाकी होती. ती न फोडता नुसती डेब्रिजने भरली होती. टाकीचा तळ शाबूत असला की ती जमिनीत पुरलेला हौदच असते: पावसात भरते, आतला भराव बसतो आणि वरची जमीन खचते. दुसऱ्या पावसाळ्यात तिथे फूटभर खड्डा पडला. सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या महामंडळाच्या) जुन्या इमारतींखाली अशी टाकी असू शकते. तुमच्याकडेही असेल. आधी ती शोधा. तळाच्या स्लॅबला ब्रेकरने पाच-सहा ठिकाणी आरपार भोकं पाडा, खाली काँक्रीटचे मोठे तुकडे, वर लहान, मग मुरूम, तोही २० ते ३० सेंटिमीटरचे थर देत, प्रत्येक थर धुम्मस करत. जेसीबी आत घालण्यापूर्वी महावितरणची केबल, महानगर गॅसची लाइन आणि पाण्याचं कनेक्शन बंद झाल्याचं लेखी घ्या. मलवाहिनीचं तोंड काँक्रीटने बंद करा, नाहीतर तिथून घुशी येतात आणि दोन महिन्यांत अख्खा भूखंड पोखरतात.

आता पश्चिमेचा भाग. काम फेब्रुवारीत सुरू करायचं, कारण ओल्या जमिनीत जेसीबी घातला की चिखल दाबला जाऊन आणखी घट्ट होतो. बकेटच्या दातांनी ४५ सेंटिमीटरपर्यंत जमीन नुसती उकरून सैल करायची, उलटीपालटी करायची नाही. मग ४० मिलिमीटरच्या जाळीतून चाळायचं. वर राहिलेले काँक्रीटचे तुकडे पायवाटेच्या तळात आणि वाफ्यांच्या कडेला लावायचे. विटांचे अंगठ्याएवढे तुकडे मातीतच राहू द्या, ते पाणी धरतात. काच, तार, टाइल, पीओपी आणि रंगाचे पापुद्रे हाताने वेचायचे. प्लास्टर-सिमेंटच्या चुऱ्यामुळे अशा जागेचा सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो आणि झाडांना लोह मिळत नाही. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की हेच समजावं. लोक तिथे युरिया मारतात, त्याचा काही उपयोग होत नाही. सेंद्रिय पदार्थ वाढवणं एवढाच स्वस्त इलाज आहे.

तो पदार्थ विकत आणायचा नाही. फेब्रुवारी ते एप्रिल सोनमोहर, रेन ट्रीचा पाला सेक्टरभर पडतो. मार्चपासून तुर्भ्याच्या एपीएमसीत आंब्याच्या पेट्यांतला पेंढा निघतो. रसवंतीवाल्यांकडे चिपाडं असतात. हे सगळं वाफ्यांवर ३० सेंटिमीटर जाडीने पसरायचं, वर शेणकाला शिंपडायचा, ओलं ठेवायचं. महिन्याभरात थर दहा सेंटिमीटरवर बसतो, की पुन्हा घालायचा. असे तीन वेळा. पाला मातीत कालवू नका. कच्चा सुका पाला मातीत गेला की तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी खातात आणि रोपं खुरटतात. वर राहू द्या, गांडुळं तो खाली नेतात.

पहिल्या दमदार सरींनंतर लगेच धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरायचा. एकरी २० ते २५ किलो बी लागतं, तेव्हा ६०० चौरस मीटरला तीन-साडेतीन किलो पुरे. बी रात्रभर भिजवून घ्या. धैंचा खाडीकाठच्या खारट, तुंबलेल्या जमिनीतही येतो, ताग तिथे सडतो. ४५ दिवसांनी, फुलं यायच्या सुमारास कापून तिथेच आडवा पाडायचा. आमच्याकडे एका पट्ट्यात कापणी दोन महिन्यांवर लांबली, तेव्हा दांडे लाकडासारखे झाले आणि दिवाळीपर्यंत कुजले नाहीत. धैंचानंतर चवळी. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) एकराला २०० लिटर, म्हणजे इथे एका वेळी ३० लिटर. दुसऱ्या हिवाळ्यात वाफ्यांत २५ सेंटिमीटर काळीभोर, भुसभुशीत माती होती आणि पाणी आठवड्यातून दोनदा दिलं तरी पुरत होतं. मी अजूनही म्हणतो की डोंगर खरवडून आणलेल्या मातीची या शहराला गरज नाही. ती कुणाच्या तरी वरकस जमिनीची वरची फूटभर माती असते आणि तिथे ती पुन्हा तयार व्हायला पिढ्या जातात.

पाण्याबद्दल. कुणी शोषखड्डा सुचवला तर आधी परीक्षा घ्या. ३० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, रिकामा होऊ द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी तासाला पातळी किती उतरते ते मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर शोषखड्डा म्हणजे डासांची पैदास. वाशी, सानपाडा, नेरूळचा खाडीकडचा भाग भराव घालून केलेला, खाली चिकण गाळ, आणि पावसाळ्यात भूजल हातभरावर येतं. जमीन भरतीच्या पातळीखाली, म्हणूनच सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवून ठेवणारे धारण तलाव बांधले. अशा ठिकाणी ३० सेंटिमीटर खोल, पसरट चर खणायचे, १५ मीटरला १० सेंटिमीटर उतार द्यायचा आणि शेवट पावसाळी गटाराशी जोडायचा. पाणी दोन दिवसांत निघून गेलं पाहिजे.

कुंपणाचे निळे पत्रे काढा. पाडकाम चालू असताना ते हवेत, नंतर नकोत. पत्र्याआड रात्री डेब्रिजच्या गाड्या रिकाम्या होतात, कारण बाहेरून काही दिसत नाही. कमरेएवढं कुंपण करा आणि प्रवेशाच्या बाजूला काँक्रीटचे मोठे ठोकळे १.२ मीटर अंतराने अर्धे जमिनीत गाडा. छोटा हत्ती दीड मीटर रुंद असतो, तो आत जात नाही, हातगाडी जाते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ५४१ रिकाम्या भूखंडांवर हेच तपासलं गेलं: कचरा काढला, जमीन सारखी केली, गवत आणि मोजकी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण केलं, नियमित कापणी ठेवली. २०१८ साली निष्कर्ष आले. अशा भूखंडांजवळ राहणाऱ्यांत उदास वाटण्याचं प्रमाण, काहीच न केलेल्या भूखंडांजवळच्या लोकांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं होतं. गवत म्हटलं म्हणून कुणी तेच लॉनचं समर्थन समजू नये. तिथला पाऊस वर्षभर वाटून पडतो, आपला चार महिन्यांत.

खरी अडचण परवानगीची असते. डेट्रॉइटमध्ये १९५० साली साडेअठरा लाख लोक होते, २०२० साली ६ लाख ३९ हजार उरले. तिथे घराला लागून असलेला रिकामा भूखंड शेजाऱ्याला १०० डॉलरला देतात. नवी मुंबईत तसं होणार नाही, इथे वस्ती ओसरली तरी जमिनीचा भाव ओसरत नाही. आपल्याला जर्मनीतल्या लाइपझिगचा मार्ग जवळचा आहे: मालकी मालकाकडेच, ठरावीक वर्षं लोकांना वापर आणि त्या काळात मालकाला मालमत्ता करात सूट. सूट आपल्याकडे मिळेलच असं नाही, पण करार तसा करता येतो. सोसायटी स्वतःच भाडेपट्टेदार असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. वापर बाहेरच्या गटाला देणार असाल तर ११ महिन्यांचा परवाना, ६० दिवसांच्या नोटिशीवर जागा रिकामी, पक्कं बांधकाम नाही, आणि झाडांचं कलम वेगळं.

हे कलम लोक विसरतात. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने शहरात झाड तोडायला परवानगी लागते, म्हणून विकासक आणि कमिटी दोघंही वृक्षारोपणाच्या नावाने दचकतात. तेव्हा मोठी होणारी झाडं फक्त हद्दीलगतच्या दोन-तीन मीटर पट्ट्यात लावा, तिथे पुढेही मोकळं अंतर सोडावंच लागतं. मध्ये केळी, पपई, तूर, अंबाडी, झेंडू.

पुनर्विकासाच्या मागण्यांवर थोडक्यात लिहितो, तो खरं तर वेगळ्या उत्तराचा विषय आहे. उरलेलं पाडकाम असेल तर आधी चौकटी, ग्रिल, कडप्पे सुटे काढायची अट घाला. एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांवर राडारोडा निघाला तर २०१६ च्या नियमांनुसार काँक्रीट, विटा, माती, लोखंड-लाकूड वेगळं करावं लागायचं; तसंच करून घ्या, त्याचा हिशेब मागा. आयएस ३८३ या काँक्रीटच्या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या (एम म्हणजे काँक्रीटच्या मजबुतीची प्रत) आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, २० टक्के आणि एम-१५ खालच्या काँक्रीटमध्ये पूर्ण चालते. निविदेत तसं लिहून घ्या. तळघरातलं पार्किंग नाकारा, चिकण गाळातून महिनोन्‌महिने पाणी उपसलं की शेजारच्या इमारतींना भेगा जातात. पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याऐवजी साठवणटाकी मागा: ४०० चौरस मीटर गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-वाफ वजा जाता आठ हजार लिटर मिळतं.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हे सगळं नवी मुंबईच्या खाडीकडच्या नोडसाठी (उपनगरांसाठी) आहे. ठाण्यात वर्तकनगरपासून येऊरच्या पायथ्यापर्यंत खाली मुरूम आणि खडक आहे, तिथे शोषखड्डा चालू शकतो आणि धैंचाऐवजी ताग घ्यावा. आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या अखेरीस लागू झाली. म्हणून शिशाची तपासणी केल्याशिवाय पालेभाजी आणि मुळा-गाजर खाण्यासाठी लावू नका. कृषी खात्याच्या नेहमीच्या माती परीक्षणात शिसं येत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. शेडवर सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे समजा, भिजवून, न फोडता उतरवा. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातला रासायनिक कारखान्याचा भूखंड असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तिथे फावडंसुद्धा लावू नका.

विकासकाशी करार करताना आणखी एक अट घाला: खोदकामाआधी वरची तयार माती वेगळी काढायची, दीड मीटरपेक्षा उंच ढीग करायचा नाही, ताडपत्रीऐवजी वर चवळी पेरायची आणि इमारत झाल्यावर तीच माती मोकळ्या अंतरात परत घालायची. त्या १,२०० चौरस मीटरच्या भूखंडावर खोदकाम सुरू झालं तेव्हा पश्चिमेच्या ३०० चौरस मीटर वाफ्यांतून सुमारे २६ ब्रास माती निघाली. ती शेजारच्या रिकाम्या जागेत ठेवली आहे. पूर्वेकडून उचलण्यासारखं काही निघालं नाही.