गुरुजी, गिटार विकू नका, पण पोराला अख्खा हिशेब मांडायला लावा

उदगीर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका गुरुजींचं पत्र आलंय. मुलगा अकरावी सायन्सला, लातूरला ट्युशन एरियात रूम करून राहतो, नीटची बॅच लावलीय. दिवाळीत घरी आला तो सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेऊनच, आणि म्हणायलाय की मला नीट द्यायची नाही, आम्ही तिघं मिळून पंक बँड काढायलोत, रामोन्स नावाच्या अमेरिकन बँडला गिटारचे तीनच कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर) येत होते तरी ते जगभर गाजले, तर माझं नाव कॉलेजातनं काढून घ्या. गुरुजी विचारतात, गिटार विकून टाकू का, आणि हे पंक म्हणजे नशापाण्याचा प्रकार तर नाही ना?

गुरुजी, नमस्कार. विकू नका. विकली तर लेकरू रूमवर बसून तुमच्यावर राग धरील आणि फिजिक्सचं पुस्तकही उघडणार नाही, असे पोरं मी लई बघितलेत. त्यापेक्षा तो ज्या बँडचं नाव घेतोय ना, त्याच बँडची पूर्ण गोष्ट त्याच्याकडून ऐकून घ्या, कारण मला वाटतं त्यानं अर्धीच ऐकलीय.

रामोन्स १९७४ ला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्समध्ये सुरू झाले. चौघंही एकमेकांचे कुणी नव्हते, तरी सगळ्यांनी आडनाव रामोन लावलं, आणि ते नाव घेतलं बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीकडून, तो एकेकाळी पॉल रामोन असं खोटं नाव वापरायचा. आता पोरगं म्हणतंय की त्यांना काहीच शिकावं लागलं नाही, तर हे नावच बघा कुठनं आलं ते. बीटल्स, बीच बॉइज, रोनेट्ससारखे मुलींचे ग्रुप, शिवाय स्टूजेस आणि न्यूयॉर्क डॉल्ससारखे दणदणीत रॉक बँड, एवढं सगळं त्यांनी कान देऊन ऐकलं होतं. त्या काळात रॉकची गाणी लांबलचक झाली होती, सोलो संपता संपत नव्हता, तर ह्यांनी जुन्या गोड चाली घेतल्या आणि दोन-दोन मिनिटांत, जोरात, वेगात वाजवून मोकळे झाले, ह्यालाच पंक म्हणतात. कॉर्ड कमी होते हे खरं, पण त्यांचा गिटारवाला जॉनी प्रत्येक फटका वरून खालीच मारायचा, अख्खा कार्यक्रम, न थांबता. तुमच्या मुलाला सांगा, घड्याळ लावून तसं वीस मिनिटं वाजवून बघ, मनगट काय म्हणतं ते कळेल.

आता पैशाचं. पहिला अल्बम १९७६ चा, साधारण आठवड्याभरात रेकॉर्ड केलेला, खर्च अंदाजे ६,४०० डॉलर, १४ गाणी, सगळी मिळून एकोणतीस मिनिटं. बिलबोर्ड ह्या अमेरिकन मासिकाच्या खपाच्या यादीत तो १११ च्या वर गेला नाही, आणि अमेरिकेत पाच लाख प्रतींचं गोल्ड सर्टिफिकेट त्याला मिळालं ते २०१४ ला! म्हणजे ३८ वर्षांनी, आणि मूळच्या चौघांपैकी तिघं तोवर गेलेले होते. मग पोट कशावर भरलं, तर गाडीत बसून गावोगाव कार्यक्रम करण्यावर. १९९६ ला थांबेपर्यंत २,२६३ कार्यक्रम केले, बावीस वर्षांत, भागाकार तुम्हीच फळ्यावर करून दाखवा त्याला, वर्षाला शंभराच्या वर येतात. जॉनी गायक जोईशी वर्षानुवर्षं धड बोलत नव्हता, तरी रोज एकाच स्टेजवर उभे. हे करिअर आहे, आणि कष्टाचं आहे.

नशेचं विचारलंत, तर तुमची भीती खोटी नाही. त्यांचा बेसवाला डीडी २००२ ला हेरॉइनच्या ओव्हरडोसनं गेला. हे मुलाशी सरळ बोला, लपवू नका. पण पंक वाजवणारा प्रत्येकजण तसा असतो असं नाही, जॉनीनं तर बँड शिस्तीत आणि पै-पैचा हिशेब ठेवून चालवला.

मला खरं बोलायचंय ते चौथ्याबद्दल, टॉमीबद्दल. त्याचा जन्म बुडापेस्टचा, कुटुंब हंगेरी सोडून अमेरिकेला आलेलं. बँडच्या आधी तो रेकॉर्डिंग स्टुडिओत असिस्टंट इंजिनिअर होता, ह्या पोरांचं व्यवस्थापन बघायला आला आणि बाकी कुणाला जमेना म्हणून स्वतः ड्रमवर बसला. १९७८ ला दौरे झेपेनात म्हणून ड्रम सोडले, पण रेकॉर्डिंगचं काम सोडलं नाही, पुढे दुसऱ्या बँडचेही अल्बम केले. गुरुजी, तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की पोरगं गावातल्या सप्त्यात माइकची शिट्टी वाजायची ती बंद करून द्यायचं. मी तिथंच थांबलो, दोनदा वाचलं. हा टॉमी आहे!

म्हणून माझं म्हणणं असं, नाव काढायचं नाही, बारावी सायन्स फिजिक्ससकट पूर्ण करायची, पण नीटचा हट्ट तुम्हीही सोडा, मन नसलेल्या लेकराची दोन वर्षं आणि तुमचे पैसे दोन्ही जातील. पुढे ग्रॅज्युएशन कुठलंही करू द्या, मग पुण्याच्या एफटीआयआय ह्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटला साउंड रेकॉर्डिंग अँड साउंड डिझाइनचा तीन वर्षांचा कोर्स आहे, प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. तोवर उन्हाळ्याच्या सुट्टीत उदगीरच्याच एखाद्या साउंडवाल्याकडं कामाला पाठवा, वायरी गुंडाळण्यापासून, लग्नसराईत त्यांना माणूस लागतोच. आणि बँड रविवारी वाजवू द्या.

फक्त त्याला एक विचारा, गाणार कशावर? रामोन्स आपल्या गल्लीतल्या कंटाळ्यावर, रिकाम्या दुपारींवर गायले. आपल्या पैठणच्या नाथांनी भारूड लोकांच्या बोलीतच रचलं. तुमचा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना, २०१६ ला, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, आता ट्युशन एरियात कॉट बेसिसवर राहतोय, मेसचं जेवतोय, टेस्ट सिरीजचे मार्क घरी सांगतोय. इंग्रजीत न्यूयॉर्कची गाणी कशाला, ह्यावर दोन मिनिटांचं गाणं मराठीत लिही म्हणावं. स्वतःची गाणी झाली आणि प्रसिद्ध केली की आयपीआरएस ह्या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेची मेंबरशिप घ्यायची, गाण्याची रॉयल्टी तिथून मिळते, हे आपल्याकडच्या कित्येक चांगल्या कलाकारांना कुणी सांगितलंच नाही.

पुढच्या महिन्यात दोघंही या. गिटार सोबत आणा, आणि ते गाणं मोबाइलवर का होईना रेकॉर्ड करून आणायला सांगा, मला आवाज कसा बसवलाय ते ऐकायचंय.