वाचकांचे प्रश्न : जुने अमेरिकी भयपट

प्रश्न : कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये ‘कॅट पीपल’ लावला, तर मुलं हसायला लागली. जुने अमेरिकी भयपट आता चालत नाहीत का? कोणत्या क्रमाने दाखवावेत?
– एक प्राध्यापक, अंबाजोगाई

उत्तर : चालतात, पण त्यांना अंधार आणि शांतता लागते. १९४२च्या या सिनेमासाठी निर्माता व्हॅल ल्यूटनकडे पैसा बेताचाच होता. त्यामुळे श्वापद बहुतेक सावलीतच राहतं. रात्रीच्या रस्त्यावर टाचांचे आवाज येत राहतात, मग मागची पावलं थांबतात आणि एकदम बस फिस्सकन समोर येते. अख्खी भीती त्या थांबण्यात आहे. हॉलमध्ये पंखे घरघरत असतील तर ती पोहोचणारच नाही. म्हणून असे सिनेमे एप्रिलमध्ये नकोत. डिसेंबर-जानेवारीत, दिवस मावळल्यावर लावा. खिडक्यांना काळं कापड आणि स्पीकर पडद्याशेजारी, मागच्या भिंतीला नाही.

‘कॅट पीपल’सारख्या जुन्या सिनेमांसाठी प्रोजेक्टरवर ४:३ (चित्राची रुंदी : उंची) निवडा. १६:९वर ताणलं की चेहरे एक-तृतीयांशाने रुंद होतात आणि हसू तिथूनच सुरू होतं. ब्राइटनेस वाढवू नका, काळा रंग राखाडी होतो.

सुरुवात १९३१च्या ‘ड्रॅक्युला’ने करू नये. त्यात पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, नवख्यांना तो रेंगाळल्यासारखा वाटतो. आधी ‘सायको’ (१९६०), मग दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८). मुलांचा कान तयार झाला की मागे ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘कॅट पीपल’कडे या. शेवटी ‘हॅलोवीन’ (१९७८). त्याच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्या झूम करून घालवू नका. खुनी बऱ्याचदा चौकटीच्या कडेला उभा असतो, तोच कापला जाईल.

प्रश्न : गॅदरिंगसाठी मोबाइलवर कृष्णधवल लघुपट करतोय. रक्त कशाचं करावं?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : चॉकलेट सिरप. ‘सायको’ आणि ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’, दोन्हींत तेच वापरलंय. पाण्यात कालवलेला लाल रंग कृष्णधवलमध्ये फिका पडतो. सिरप गडद दिसतं आणि संथ ओघळतं. फार घट्ट वाटलं तर थेंब-थेंब पाणी घाला. ॲपमधला लाल फिल्टर मात्र टाळा, त्याने त्वचा पांढरीफटक होते. शॉट झाला की कपडे लगेच भिजत घाला, नाहीतर मुंग्या लागतात. रंगीत शॉट घ्यायचा असेल तर हे रक्त तपकिरी दिसेल, तिथे उपयोगाचं नाही.