पिवळा रंग आवाजाच्या मागे का पडतो?

तुमची अडचण अशी: तुमचं अॅप गोष्ट मोठ्याने वाचून दाखवतं आणि बोलला जाणारा शब्द पिवळा करतं. पण पुढे कुठेही ‘आणि’ आला की पिवळा रंग पहिल्या ओळीतल्या ‘आणि’वर जातो, आणि दुसऱ्या परिच्छेदापासून सगळंच चुकतं.

उच्चारलेला शब्द मजकुरात शोधू नका. त्याची जागा आवाजाचं इंजिनच, म्हणजे मजकूर बोलून दाखवणारी फोनमधली सोयच, सांगतं. अँड्रॉइड ८ पासून (प्रोग्रामरच्या मोजणीत एपीआय २६) ‘ऑनरेंजस्टार्ट’मध्ये, म्हणजे शब्द सुरू होताना इंजिन अॅपला देतं त्या निरोपात, शब्दाची सुरुवात आणि शेवट असे दोन आकडे येतात. आयफोनवर ‘एव्हीस्पीचसिंथेसायझर’ या आवाजाच्या इंजिनाचा डेलिगेट (त्याचे निरोप घेणारा कोड) हेच काम करतो. पण हे आकडे त्या वेळी बोलायला दिलेल्या तुकड्यापुरतेच असतात. परिच्छेद बदलला की मोजणी पुन्हा शून्यापासून, म्हणून तुकडा मूळ मजकुरात जिथे सुरू होतो तो आकडा त्यांत मिळवा. रंग मुख्य थ्रेडवरूनच (अॅपचा स्क्रीन सांभाळणारा धागा) बदला.

आता मराठीची खरी गोम. मी इथे कोल्हापुरात भाचीसाठी असंच अॅप केलं, तेव्हा दोन दिवस यातच गेले. ‘रंकाळ्यावर’ डोळ्यांना ५ अक्षरं दिसतात, पण फोन काना, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं धरून १० मोजतो. इंजिनही तसंच मोजतं. आपण अक्षरं मोजून हिशेब केला की रंग जोडाक्षराच्या मध्येच थांबतो.

दुसरी चूक माझीच होती. धड्यात ‘१८९४ साली शाहू महाराज गादीवर आले’ असं वाक्य होतं. उच्चार नीट यावा म्हणून मी आकड्याच्या जागी ‘अठराशे चौऱ्याण्णव’ घालून इंजिनला दिलं. ४ चिन्हांच्या जागी १७ आली, आणि पुढचा प्रत्येक शब्द १३ घरं सरकला. असे बदल करायचेच असतील तर कुठे किती वाढलं याची नोंद ठेवा आणि रंगवताना तेवढं वजा करा.

काही इंजिनं हे आकडे देतच नाहीत. तिथे टायमर लावून अंदाजाने शब्द रंगवू नका, कळकळीने सांगतो. वाचायला शिकणारं मूल पिवळ्या शब्दावर विश्वास ठेवतं. ‘पन्हाळा’ ऐकू येत असताना ‘गड’ पिवळा दिसला तर ते चुकीचंच शिकेल. त्यापेक्षा एकेक वाक्य वेगळं द्या आणि ‘ऑनस्टार्ट’ (बोलणं सुरू झाल्याचा निरोप) आलं की ते अख्खं वाक्य रंगवा. भाचीच्या जुन्या फोनवर मी अजून हेच ठेवलंय, आणि ती ओळीवर बोट ठेवून बरोबर वाचते.