‘मी पकडायचे आणि हिने सोडवायचे?’

साहेब, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, तुम्ही सातारा जिल्ह्यातले, पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून रिटायर झालात, मुलगी एलएलबी झाली, बार कौन्सिलची सनद (वकिलीचा परवाना) आली, एआयबीई ही वकिलांची परीक्षा पण निघाली, आणि आता तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात सहायक म्हणून अर्ज करायचाय. म्हणजे ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं. तुमचं म्हणणं, आयुष्यभर मी पकडायचे आणि हिने सोडवायचे का? त्यापेक्षा घरी बसून जेएमएफसीचा (खालच्या कोर्टातल्या मॅजिस्ट्रेटच्या परीक्षेचा) अभ्यास करावा, जज व्हावं. घरात पंधरा दिवस अबोला आहे असंही लिहिलंय.

आधी जजचं बघू कारण ते सोपंय. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला तीन वर्षांची प्रॅक्टिस परत सक्तीची केली. त्यामुळं घरी बसून नुसता अभ्यास करून थेट जज हा रस्ता आता बंद आहे, तीन वर्षं कोर्टात उभं राहावंच लागणार. प्रश्न एवढाच की कुठं आणि कुणाच्या हाताखाली. एखाद्या सीनियरकडं ज्युनिअरशिप केली तर पहिली दोन वर्षं बहुतेक तारखा घेणं, झेरॉक्स आणि फाइल उचलणं यातच जातात, पैसे म्हणाल तर पेट्रोल सुटलं तरी नशीब. आणि इथं पहिल्याच आठवड्यात रिमांडला, म्हणजे आरोपीची कोठडी ठरते त्या सुनावणीला, उभं राहायला मिळतं.

आता मुख्य मुद्दा. मी वकील नाही, पण लॉच्या पोरांना सल्ला द्यायचा तर आपण कोर्ट बघितलेलं असावं म्हणून मागं एका तालुक्याच्या कोर्टात दोन-तीन दुपारी नुसता मागच्या बाकावर बसलो होतो. एक पोरगा आणला, विशीतला असेल, मोबाईल चोरीची केस. पायात स्लीपर, एका हाताला हवालदारानं धरलेलं. विधी सेवाच्या वकीलबाई त्याच्या शेजारी गेल्या आणि हळूच तीनच गोष्टी विचारल्या, कधी उचललं, घरी कुणाला कळवलं का, मारलं का. पोरगा काही बोलेना, नुसता हवालदाराकडं बघत होता. मग बाई हवालदाराला म्हणाल्या, "दादा जरा चार पावलं मागं उभे राहता का?" तो राहिला, बिचारा सज्जन होता. आणि पोरगा घडाघडा बोलायला लागला. परवा रात्री जेवताना उचललं म्हणाला. कागदावर अटक काल दुपारची.

साहेब, हे मी तुम्हाला काय सांगणार, "अटक दाखवणं" हा शब्दच तुमच्या खात्याचा आहे. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करायचं (प्रवासाचा वेळ सोडून), हे घटनेच्या कलम २२ मध्ये लिहिलंय आणि ते २४ तास आरोपीला उचलला तेव्हापासून मोजायचे की स्टेशन डायरीत नोंद पडली तेव्हापासून, या एका प्रश्नावर बाईंनी तिथं पाच मिनिटं युक्तिवाद केला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? एरवी सगळे "नाही" म्हणतात, हा म्हणाला आहे. सात दिवसांची पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागितली होती, एक दिवस मिळाली आणि पोराला मेडिकलला पाठवलं. सुटला नाही तो, तेही सांगतो. बाईंना वाटलं होतं थेट एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, होईल. पण पीसीआर सात दिवस आणि एक दिवस यात काय फरक असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

तर तुमच्या मुलीचं काम हे आहे, चोराला चोर नाही म्हणणं नव्हे. गुन्हा केला की नाही हे पुढं दोन-चार वर्षांनी ठरेल, पहिल्या दिवशी प्रश्न एवढाच असतो की पकडताना आणि कोठडी मागताना नियम पाळला का. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर आधी नोटीस का नाही दिली, अटकेची गरज काय होती, अटकेचं कारण लेखी दिलं का. यातलं शेवटचं तर आता फार कडक झालंय. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याच महाराष्ट्रातून गेलेल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि अगदीच जागेवर जमलं नाही तर रिमांडच्या किमान दोन तास आधी तरी. नाहीतर अटकच बेकायदा. म्हणजे ओडिशाचा मजूर पकडला आणि कागद मराठीत दिला तर वकिलानं तिथंच बोट ठेवायचं.

तुम्ही विचारलंय, यांना फुकट वकील कशाला? एक गोष्ट जरा भीतभीतच लिहितो. तुकाराम ओंबळे तुमच्याच हुद्द्याचे, तुमच्याच जिल्ह्यातल्या केडंब्याचे. ज्याला त्यांनी गोळ्या झेलून जिवंत धरून ठेवलं त्या कसाबच्याच केसमध्ये, २०१२ साली फाशी कायम करताना, सुप्रीम कोर्टानं असंही लिहिलं की आरोपीला पहिल्यांदा हजर केलं की तुला वकील मिळू शकतो, पैसे नसतील तर सरकारी खर्चानं, हे सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. फाशी टळली नाही, पण वकील मिळाला, म्हणून ती शिक्षा जगात कुठंही ताठ मानेनं सांगता येते. मला तरी ओंबळेंच्या कामाचा यात मानच वाटतो, तुम्हाला वेगळं वाटलं तर ते मी समजू शकतो.

बरं, नुसतं गोड गोड सांगत नाही. नोकरी म्हणून यात खोट आहे. हे काँट्रॅक्ट आहे, सुरुवातीला दोन वर्षांचं, पुढं काम बघून वर्षावर्षानं वाढवतात. पेन्शन नाही. मानधन ठरलेलं असतं आणि जिल्ह्याप्रमाणं बदलतं, जाहिरातीत आकडा बघून घ्या. आणि फुल टाइम असल्यामुळं खाजगी केस एकही घेता येत नाही, म्हणजे चार वर्षांनी बाहेर पडली तर कोर्टात नाव असेल पण स्वतःचा क्लायंट शून्य. माझ्या मते खरी काळजी करायची तर याची करा, आरोपींची नको. वर चढायचं तर उपमुख्यला सात आणि मुख्य लोक अभिरक्षकाला दहा वर्षांची फौजदारी प्रॅक्टिस लागते, तोपर्यंत धीर लागतो. रविवारी, दिवाळीतही रिमांड असतात, पण बंदोबस्त केलेल्या घरात हे काय नवीन.

आणखी एक, मानसिक. आरोपीचे नातेवाईकच "फुकटचा वकील काय करणार" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी बाररूममधला कुणीतरी पाच हजार घेऊन केस उचलतो. जामीन होऊनही माणूस आत राहतो, कारण पंधरा हजाराचा जामीनदार कुठून आणायचा, सातबारा कुणाचा, ऐपतीचा दाखला कुणाचा. मग जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर) सोडा, रोख भरायची परवानगी द्या, असे अर्ज करत बसायचं. २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास लोक होते आणि त्यातले साधारण ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, त्यात असे किती असतील विचार करा. या कामात जिंकलो असं वाटायचे दिवस कमी असतात, पोरगी हळवी असेल तर तिला हे आधीच सांगा.

लग्नाचं विचारलंत, त्यावर मी काही बोलत नाही, तो माझा विषय नाही. सेफ्टीचं म्हणाल तर ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, आणि आरोपी सहसा स्वतःच्या वकिलावर उठत नाही, उलट तोच एक माणूस त्याचं ऐकून घेत असतो. जेलमध्ये भेटी असतात, पहिल्या एक-दोन वेळा सीनियरबरोबर जावं.

माझा सल्ला, अर्ज करू द्या. निवड झाली तर दोन वर्षं पूर्ण करू द्या, सोबत जेएमएफसीचा अभ्यास चालू ठेवायचा, आणि प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट या कामावर कसं नि कुणाकडून मिळेल ते रुजू व्हायच्या आधी प्राधिकरणाच्या सचिवांना विचारून घ्यायचं. त्याआधी तिनं आठ दिवस रिमांडच्या वेळी कोर्टात नुसतं बसावं, निम्म्या पोरांचा उत्साह तिथंच कळतो.

आणि तुम्ही पण कामाला लागा. पंचनामा कसा लिहितात, स्टेशन डायरीत कुठं जागा सोडतात, रिमांड रिपोर्टमध्ये "सखोल तपास करणे आहे" हे वाक्य कधी खरं आणि कधी नुसतं टाइप केलेलं असतं, हे तिला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही. तुम्हाला येतं. ती मात्र तिच्या आरोपीनं सांगितलेलं तुम्हाला घरी सांगणार नाही, आणि तुम्ही विचारायचंही नाही, तेवढं पथ्य पाळा.

अर्जाची शेवटची तारीख पत्रात लिहिलेली नाही. जवळ आली असेल तर अबोला नंतर करा, आधी सनदेच्या झेरॉक्स काढून आणा.