सूफींचा जिक्र आणि वारकऱ्यांचं नामस्मरण एकच का?
एकच नाही, पण फार जवळचं. तुकोबांची पालखी पुण्यात निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामी असते, तेव्हा तिथलं भजन ऐका. टाळांच्या ठेक्यावर तेच नाम पुन्हा पुन्हा, आणि म्हणणारा हळूहळू विरघळत जातो. जिक्रातही अल्लाहचं नाव घोळवत 'मी' पुसायचा असतो. त्या अवस्थेला 'फना' म्हणतात. फरक आराध्याचा: वारकऱ्याला विटेवरचं सगुण रूप डोळे भरून पाहायचंय, सूफीचा अल्लाह निराकार. दोन्ही धारा एका माणसात पाहायच्या तर श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद वाचा. 17व्या शतकातले, कादरी या सूफी परंपरेतले, आणि 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिणारे. माझ्यासाठी तेच सगळ्यात खरं उत्तर आहेत.