“इंजेक्शन घेतल्यावर नातवाला जवळ घेता येईल का?”

बोन स्कॅन (हाडांची तपासणी) किंवा पेट (PET) स्कॅन लिहून दिला की पेशंट माझ्याकडे येतात ते बहुतेक एकाच भीतीने, की शरीरात किरणोत्सर्गी औषध सोडणार म्हणजे आपल्याला काहीतरी कायमचं होणार आणि आपल्यामुळे घरच्यांनाही. मागे एक काकू आल्या होत्या सातारा भागातल्या, ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, आता पाठ दुखत होती म्हणून डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितला, पण त्यांनी तारीख चुकवली, मग परत चुकवली. मुलगा वैतागलेला, “आई ऐकतच नाही, तुम्हीच सांगा मॅडम.”

मी मुलाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. काकू आधी काहीच बोलेनात, मग म्हणाल्या, “मला काय व्हायचं ते होऊ दे, पण नातू माझ्याच कुशीत झोपतो, आणि सूनबाईला पाचवा महिना लागलाय.” पाठोपाठ खरं कारण कळलं. गावातल्या एका बाईला थायरॉइडच्या कॅन्सरसाठी गोळी दिली होती, तिला हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवलं, कोणाला भेटू दिलं नाही, घरी आल्यावरही काही दिवस पोरांपासून लांब. काकूंना वाटत होतं आपलंही तसंच होणार.

हा गोंधळ मला इतक्या वेळा दिसतो की आता मी सुरुवातच तिथून करते. त्या बाईंना दिलं ते आयोडीन-131, ते उपचारासाठी, थायरॉइडच्या पेशी मारायलाच दिलेलं, डोस मोठा आणि त्याचा किरणोत्सर्ग निम्मा व्हायला 8 दिवस लागतात, म्हणून ती वेगळी खोली. काकूंना मिळणार होतं टेक्निशियम-99एम, हे फक्त बघण्यासाठी. हाडाकडे जाणाऱ्या एका औषधाला ते जोडलेलं असतं, हाड जिथे जास्त कामाला लागलंय तिथे ते जास्त जमा होतं, आणि वर असतो तो कॅमेरा, तो किरण सोडत नाही, अंगातून बाहेर येणारे किरण फक्त टिपतो. हे ऐकल्यावर काकू पहिल्यांदा सरळ बसल्या. त्या एवढे दिवस त्या मशीनलाच घाबरत होत्या!

मग वेळेचा हिशोब कागदावर मांडला. टेक्निशियम दर 6 तासांनी निम्मं होतं. सकाळी 10 ला इंजेक्शन, दुपारी 4 ला निम्मं, रात्री 10 ला पाव, दुसऱ्या दिवशी सकाळी 10 ला सोळावा हिस्सा, आणि शिवाय बरंचसं लघवीवाटे निघून जातं ते वेगळंच, म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगतात. कापूर कसा आपोआप उडून जातो तसंच. “मग उरतं काय?” काकूंनी विचारलं. काही दिवसांत मोजण्यासारखं फारसं नाही, मी म्हटलं.

“काही होत नाही हो” असं मी कधीच म्हणत नाही. पेशंटला ते खोटं वाटतं आणि ते पूर्ण खरंही नाही. बोन स्कॅनचा डोस साधारण 4-5 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारे किरण मोजायचं एकक), आणि जमीन, हवा, आकाश, अन्न यातून आपल्याला जगात सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे दोनेक वर्षांचं एकदम. धोका शून्य नाही पण फार लहान आहे, आणि समोर प्रश्न काय तर कॅन्सर हाडात गेलाय का. तो न बघता उपचार ठरवणं मला जास्त भीतीचं वाटतं. केस जात नाहीत, भाजत नाही, औषधाची मात्रा इतकी बारीक असते की मळमळसुद्धा सहसा होत नाही.

तारीख चुकवण्याबद्दल मात्र मी जरा कडक बोलले. टेक्निशियम साठवून ठेवता येत नाही, ते मॉलिब्डेनम-99 पासून हॉस्पिटलातच काढतात आणि ते मॉलिब्डेनमसुद्धा 66 तासांनी निम्मं होतं. पेट स्कॅनचं फ्लोरीन-18 तर 110 मिनिटांत निम्मं, पेशंट आला नाही की त्याच्यासाठी मागवलेला डोस वायाच. आपल्याकडे परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून हेच काम करतंय, म्हणजे हे काल आलेलं तंत्र नाहीये.

नातवाचं काय? त्या दिवशी मांडीवर घेऊन बसायचं नाही, रात्री वेगळं झोपायचं, एवढंच. सूनबाईंनी सोबत यायचं नाही, मुलाने यावं. काकूंनी तारीख घेतली आणि त्या दिवशी आल्या.

तुम्हाला असा स्कॅन सांगितला असेल तर हे स्कॅन जिथे होतात त्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात आधीच विचारा, ही तपासणी आहे की उपचार, आयसोटोप म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ कोणता, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तेही सांगा. स्वतः गरोदर असाल, पाळी चुकली असेल किंवा अंगावर पाजत असाल तर इंजेक्शनच्या आधी सांगायचंच, लाजून गप्प बसू नका, कारण त्यावरून डॉक्टर तपासणी पुढे ढकलायची का आणि दूध किती वेळ थांबवायचं ते ठरवतात.