वाचकांचे प्रश्न: द्वेषाचे व्हिडिओ आणि नेटवाल्याची जबाबदारी

प्रश्न: नमस्कार सर, मी कोपरखैरण्याला राहते. एका पेजवर आमच्या समाजाबद्दल फार घाणेरडे व्हिडिओ टाकतायत, खाली कमेंटमध्ये तर सरळ मारायचीच भाषा चाललीये, आणि माझा मुलगा दहावीला आहे, त्याच्या क्लासच्या ग्रुपवर पण ते फिरतंय. बिल्डिंगला नेट देणारा जो मुलगा आहे त्याला म्हटलं तुझ्याच लाइनवरून येतं ना हे, मग बंद कर, तर म्हणतो ताई माझ्या हातात काही नाही. कायद्याने त्याची जबाबदारी नाही का? आणि मोठ्या कंपन्या फ्रीडम ऑफ स्पीच म्हणून हात वर करतात ते बरोबर आहे का?

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे तुम्ही लिहिलंय ते फ्रीडम ऑफ स्पीच नाहीच. संविधानाच्या १९(१)(अ) ने बोलायचं स्वातंत्र्य दिलंय आणि लगेच १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी अशा कारणांसाठी वाजवी बंधनं पण सांगितलीयत. धर्म, जात, भाषा यावरून गटागटांत वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आधी हेच आयपीसीचं १५३अ होतं.

पण तो नेटवाला मुलगा खरं बोलतोय. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशा कुलूपबंद पद्धतीने चालतात, त्यामुळे त्याला फार तर कुठली साइट उघडली एवढं कळतं, आत कुठला व्हिडिओ चालू आहे ते दिसतच नाही, म्हणजे बंद करायचंच म्हटलं तर आख्खी साइट बंद करावी लागणार. कोणाच्या घरात लाऊडस्पीकरवर शिव्या चालल्यात म्हणून लाइटवाल्याला गल्लीचा फ्यूज काढायला सांगण्यासारखं आहे हे. आणि असं झालेलं आहे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयसिसच्या मजकुराच्या कारणावरून सरकारी आदेशाने ३२ साइट बंद झाल्या, त्यात गिटहब (प्रोग्रामर लोक आपला कोड ठेवतात ती साइट) आणि व्हिमिओ (व्हिडिओची साइट) पण होत्या, ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतल्या मुलांना विचारा गिटहब बंद म्हणजे काय ते.

कायदा पण हेच धरून चालतो. आयटी ॲक्टच्या कलम ७९ प्रमाणे जो फक्त मधला आहे, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर नुसता पोचवतो किंवा ठेवतो, त्याला दुसऱ्याच्या मजकुरासाठी जबाबदार धरत नाहीत, पण कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला आणि तरी काढलं नाही तर ते संरक्षण जातं. हे सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात स्पष्ट केलं, आणि त्याच निकालाने आयटी ॲक्टचं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करता यायची ते कलम, रद्द झालं. त्यामागे एक मोठं कारण आपल्याच भागातलं होतं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर पाळलेल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. म्हणून मला मनापासून वाटतं की काय बोलायचं आणि काय नाही हे ठरवायची सत्ता केबलवाल्याकडे, कंपनीकडे किंवा एखाद्या चिडलेल्या जमावाकडे जाऊ नये. आज ती तुमच्या बाजूने वापरतील, उद्या तुमच्याच मुलाचं तोंड बंद करतील.

मोठ्या प्लॅटफॉर्मना मात्र मी एवढ्यात सोडणार नाही. कलम ७९ मध्येच अट आहे की मधल्याने मजकूर कोणाला जायचा ते स्वतः निवडायचं नाही, आणि इथे तर कोणी न मागता व्हिडिओ पुढे आणून दाखवतात, जास्त वेळ बघितलं तर आणखी तसलेच दाखवतात. असं करून वर आम्ही फक्त मधले म्हणणं मला पटत नाही, कोर्टात यावर जोरात वाद व्हायला पाहिजे.

तुम्ही आता काय करायचं तर व्हिडिओची लिंक, पेजचं नाव, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आधी ठेवा, कमेंटचे वेगळे. मग प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, आयटी ॲक्टखालच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यांनी २४ तासांत पोच द्यायची असते. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं, हे फार लोकांना माहीतच नाहीये. पण मारायची भाषा आहे म्हणताय तर याची वाट बघत बसू नका, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर टाका आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्यावर शिक्का घ्या. एकट्या जाऊ नका, समाजातले चार जण बरोबर घ्या.

प्रश्न: ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन आहे, कोणी भडकाऊ मेसेज टाकला तर मला धरतील का?

उत्तर: नुसतं ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्याच्या मेसेजसाठी ॲडमिन गुन्हेगार होत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा होता असं दिसलं तरच. पण हातावर हात ठेवून बसू नका, ॲडमिनला आता सगळ्यांसाठी मेसेज डिलीट करता येतो, तो करा, त्या मेंबरला ग्रुपवरच स्पष्ट सांगा, तरी थांबला नाही तर काढा. फक्त धमकी असेल तर डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या आणि ज्याला धमकी दिलीये त्याला तो पाठवा, तक्रारीला त्याला लागेल.